बाईसाहेबांचे ढेकर

डॉक्टरांनी कागद तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी, तुमच्या गायीनं कमाल केली!"

गुरांच्या ढेकरांतून निघणारा मिथेन वायू हवा तापवतो, म्हणून तो कमी करायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. गोठ्यागोठ्यात ढेकर मोजणं चाललं होतं. गळ्यात पट्टा बांधायचा, त्याची नळी नाकापाशी आणायची आणि दिवसभर तसंच ठेवायचं. जास्त ढेकर देणारी गाय सरकार उचलून नेतं, अशी आवई गावभर उठली होती. मावशीची बाईसाहेब तर ढेकर देण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. मावशीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती गेली असती तर रिकामा गोठा मावशीला खायला उठला असता.

"आकडे बघा," डॉक्टर म्हणाले. "वायू अगदी नावापुरता. दुपारी दोन तास गाढ झोप. रवंथ तर केलेलाच नाही! उभ्या आयुष्यात अशी गाय पाहिली नाही मी."

कोपऱ्यात मावशीचे यजमान, काका, पेपर वाचत बसले होते. उन्हाळ्याचे दिवस, तरी गळ्याला मफलर. त्यांना खोकल्याची उबळ आली. मावशीनं डोळे वटारताच त्यांनी ती गिळली.

तिकडे बाईसाहेबांनी दणदणीत ढेकर दिला. पण डॉक्टर कागदातच बुडाले होते.

"हिचा वंश वाढवायलाच हवा," ते म्हणाले. "उद्या गाडी पाठवतो. बाईसाहेब आता राजधानीत, सरकारी पैदास केंद्रात. कायमच्या!"

जिला वाचवायला मावशीनं एवढा आटापिटा केला, तीच निघाली होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिनं एकदा बाईसाहेबांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. निवड करायला तिला फार वेळ लागला नाही. तिनं काकांचा मफलर ओढून काढला. गळ्याभोवती पट्ट्याचा लालभडक वळ उठला होता.

"बाईसाहेबांनी पट्टा बांधूच दिला नाही, डॉक्टर. न्यायचंच असेल तर ह्यांना न्या. फक्त दुपारची झोपमोड करू नका, लाथा झाडतात."