आयएनजी कुठे लागत नाही

“आय ॲम नोइंग द आन्सर,” बाई ठणकावून म्हणाल्या.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. खुर्चीच्या हातावर त्यांनी बोट आपटलं. “नो.”

“का बरं? चालू वर्तमानकाळ आहे. ॲम लावलं, आयएनजी लावलं.”

“नोइंग... नाही.”

बढतीची मुलाखत इंग्रजीतून आहे, असं सांगून या बाई महिन्यापूर्वी शिकवणीला आल्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, आणि व्याकरणाच्या बाबतीत अगदी दगड. पण मास्तरांनी उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. असे दगड पुष्कळ घडवले होते. हाही घडेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. हल्ली रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते तयार असत.

बाईंचा एक गुण मात्र घेण्यासारखा होता. घाई नव्हती. मास्तर एक शब्द बोलून थांबले, की त्या पुढच्या शब्दाची वाट बघत निवांत बसत.

आज त्यांनी टेबलावरचा कान तुटलेला कप उचलला. “द ब्रोक कप.”

“ब्रोकन!”

“आणि ब्रेकिंग कप म्हटलं तर?”

“तो... अजून... फुटतोय.” स्वतःच्याच विनोदावर मास्तर खुदकन हसले.

दारात उभी असलेली सूनही हसली. “बाबा, यांचं काही खरं नाही हं.”

“जमेल,” मास्तर म्हणाले.

“जमलंच की!” बाई म्हणाल्या. “कप फुटतोय, तसं मला उत्तर माहीत असतंय. आय ॲम नोइंग!”

आता मात्र मास्तरांचा पारा चढला. ते खुर्चीत ताठ झाले.

“अहो बाई, फुटणं घडत असतं, माहीत असणं घडत नाही, ते नुसतं असतं, म्हणून त्याला आयएनजी लावायचं नाही!”

दारातली सून एक पाऊल आत आली.

“आय नो,” बाई हळूच म्हणाल्या.

“शाबास!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. दगडाला पाझर फुटला होता.

बाईंना पोचवायला सून जिन्यापर्यंत आली. घराचं दार तिनं मागे ओढून घेतलं. तिचे डोळे भरले होते.

“डॉक्टर, अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या तोंडून न अडखळता अख्खं वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं.”

“मीसुद्धा,” बाई म्हणाल्या. “आता उद्यासाठी याहून मोठी घोडचूक शोधायला हवी मला.”