ऐंशी वर्षांचे गुडघे

वास्तुकलेच्या शेवटच्या परीक्षेत केतकी स्वतः आखलेल्या वृद्धाश्रमात शिरली, तेव्हा अंगावरच्या पोशाखाने तिचे गुडघे ऐंशी वर्षांचे केले होते. इमारत आभासी होती, पण दुखणे खरे होते. जेवणघराकडे जाणाऱ्या डौलदार चढावर ती दोनदा थांबली, तिसऱ्यांदा मटकन खाली बसली.

“पास होण्यापुरते गुण मिळालेत तुला,” परीक्षक साळगावकर सर म्हणाले. “काढ तो पोशाख.”

“सर, इथे राहणाऱ्यांना हे गुडघे काढून ठेवता येणार नाहीत.”

तिने बसल्याबसल्याच नकाशा मागवला. खोल्या आणि जेवणघर यांच्यामधला, सगळ्यांनी वाखाणलेला चौक त्या चढासकट खोडून तिने जेवणघर खोल्यांना लागून आणले. मग ती हात टेकून उठली आणि पुन्हा पहिल्या खोलीपासून चालू लागली.