मनात भरलेलं झाड

अनिकाने आपली फिल्म सगळ्यात आधी आईला दाखवली, घरच्याच टीव्हीवर. लुईझियानातला उसाचा मळा, तिथे गुलाम म्हणून राबलेला तिच्या प्रियकराचा, आयझायाचा, खापरपणजोबा, आणि ज्याला बांधून त्याला आसुडाने फोडलं ते ओकचं झाड. आयझायाशी लग्न म्हटलं की उठून जाणारी आई आज हमसून रडली. शेवटी तिने शेजारी बसलेल्या आयझायाचा हातच हातात घेतला.

"ही जागा अजून आहे का गं?" तिने विचारलं.

आईने प्रथमच काही विचारलं होतं. अनिकाने हरखून सगळं सांगितलं, अगदी तिथे पोचायचं कसं तेसुद्धा.

महिन्याभराने आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे त्या मळ्यातला पांढऱ्या खांबांचा बंगला होता आणि त्याच ओकवर दिव्यांच्या माळा.

"सरप्राइज! लग्नासाठी ठरवलेला एडिसनचा हॉल कॅन्सल केला. लग्न इथेच, मंडप या झाडाखाली. त्यांच्या पूर्वजांची जागा, व्याह्यांना किती आपलंसं वाटेल!"

अनिका म्हणाली, "आई, तू तर रडत होतीस."

"रडले ना गं. पण झाड तेव्हाच मनात भरलं होतं."