न थांबणारं मशीन

"गॅस भरावा लागला तर त्याचे वेगळे पडतील," एसीचा मेकॅनिक दारातच म्हणाला. "आधी सांगून ठेवतो, ताई. मागाहून वाद नको."

"नाही घालणार वाद. तुम्ही आधी आत तर या," ती म्हणाली आणि त्याच्या हातातली पंपाची पिशवी तिने स्वतःच उचलून घेतली. न जाणो, उंबऱ्यावरूनच माघारी फिरला तर!

उन्हाळा सुरू झाल्यापासून ती ह्या सर्व्हिसिंगसाठी हातापाया पडत होती. गोड बोलून झालं, रडून झालं. बघू, करू, एवढी काय घाई आहे, ही उत्तरं ऐकून तिचे कान किटले होते. शेवटी तिने स्वतःच फोन लावला.

घाई होती ती आतल्या खोलीत, पलंगावर. नवरा इस्पितळातून घरी आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांच्या हृदयाला उष्णता सोसणार नाही, खोली गार ठेवा. सांगायला काय जातं! गार खोली काय औषधाच्या दुकानात मिळते? त्यानंतर तो दोनदा बेशुद्ध पडला होता. दुसऱ्या वेळी शुद्धीवर यायला इतका वेळ लागला की तोवर तिचं देवाशी भांडूनही झालं होतं. तिसऱ्या वेळी तो उठणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मेकॅनिक खोलीत शिरला आणि "बाप रे!" म्हणाला. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. खिडकीला बांधलेली ओली चादर वाळून कडक झाली होती.

"या, या," नवरा पडल्या पडल्या म्हणाला. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. आवाज खोल गेला तरी सवय गेली नव्हती. "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे. हवा तेवढी नाही."

मेकॅनिक हसला. तिला हसू आलं नाही. नवऱ्याचे ओठ सकाळपेक्षा पांढरे दिसत होते.

"अहो, बोलू नका, दम लागेल," ती म्हणाली. "दादा, आधी बाहेरचं बघा."

तिने चादर सोडली. खिडकीबाहेर, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलवर मशीन घरघरत होतं. हात बाहेर काढला तर लागेल इतकं जवळ. झळ थेट मेकॅनिकच्या तोंडावर आली. त्याने नाकाला रुमाल बांधला आणि बाहेर वाकून पाहिलं. मागच्या जाळीवर धूळ गोधडीसारखी जाड बसली होती.

"सर्व्हिसिंग कधी केली होती?"

"कधीच नाही."

"मशीन किती जुनं?"

"बसवल्याला चार उन्हाळे झाले."

"आणि चार उन्हाळे हात लावला नाही? रागावू नका, ताई, पण घ्यायच्या वेळी बरे पैसे असतात लोकांकडे. धुवायचं म्हटलं की जिवावर येतं."

तिला बोलण्यासारखं खूप होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

"मधूनमधून बंद पडतं का?" त्याने विचारलं.

"नाही ना! दिवसरात्र चालू. मी जागी राहून कानोसा घेते, आता थांबेल, मग थांबेल. थांबतच नाही मेलं."

"कसं थांबेल? जाळी चोंदलीय, आतला फिल्टरही तसाच असणार. खोली पुरेशी गार झाली की ह्याने आपोआप थांबायला हवं. दोन्हीकडून धुवून काढलं की थोडा वेळ चालेल, बराच वेळ गप्प राहील. ही आगही कमी होईल. लाइटबिल तर डोळे पांढरे करत असेल?"

"बिलाचं सोडा. थांबेल ना नक्की?"

"थांबेल हो."

त्याने आकडा सांगितला. तिने मूठ उघडली. घामाने ओल्या झालेल्या नोटा घडीच्या घडीत होत्या. शिंप्याच्या दुकानात ती काजं-बटणं करायची. तिथून तिने दोन महिन्यांची उचल घेतली होती. आता दोन महिने नुसतं राबायचं, हाती काही पडायचं नाही.

"काम झाल्यावर द्या की," मेकॅनिक म्हणाला. "कुठे पळून चाललाय?"

"नको. आत्ताच घ्या. नंतर पैशाचं बोलणंच नको."

"अगं, एवढ्यात तुझा चष्मा झाला असता," नवरा पुटपुटला.

"गप्प पडा," ती त्याच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणाली. तो गेला तर ह्या घरात गप्प पडा म्हणायलासुद्धा तिला कुणी उरणार नव्हतं. तिने घाईघाईने नोटा मेकॅनिकच्या हातात कोंबल्या.

त्याने पैसे खिशात टाकले आणि पिशवीतून पंपाची नळी काढली.

"चला, बटण बंद करा. आतलं मशीन कुठे आहे, दुसऱ्या खोलीत?"

ती त्याला दारापर्यंत घेऊन आली. बाहेर कुणी नाही ना, हे तिने मान काढून पाहिलं.

"आतलं शेजारच्यांच्या घरात आहे, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "बेल वाजवा आणि कंपनीतर्फे फुकट आहे म्हणून सांगा. मी सांगायला गेले की ते म्हणतात, आमची खोली तर मस्त गार होते."