टक्

"एसीचा क्लच लागला का टक् वाजतो रं पोरा, चिमणीनं दाना टिपल्यावानी. तेवढं कानात ठेव."

उस्तादाचं हे बोलणं बाळारामनं जन्मभर कानात ठेवलं, बायकोलाही शंभरदा ऐकवलं. मुरबाड रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजचं नाव झालं ते त्या कानामुळेच.

आज भातसानगरच्या बाईंच्या गाडीचा एसी काही केल्या लागत नव्हता. गॅस पुरेपूर होता, फ्यूज शाबूत होता. त्यानं क्लचला वीज सोडणारा रिले बदलला आणि ते टक् ऐकायला बॉनेटखाली वाकून कान दिला. बायको यमुना नेहमीसारखी आत बसून बटण दाबत होती.

"दाबलंस का गो?"

"दाबलंय!" ती खिडकीतून ओरडली.

"वरडतेस कशाला? हल्ली सारखी वरडूनच बोलतेस. समोर काय बहिरा बसलाय?"

एरवी ती उलट टोमणा मारायची. आज तिनं फक्त मान आत घेतली.

त्यानं आणखी एक रिले टाकला, वायरी खरवडून पुन्हा जोडल्या. इंजिनाची घरघर तेवढी, बाकी काही नाही. शेवटी हात पुसून त्यानं बाईंना लावायला फोन काढला.

"काम्प्रेसरच गेला. नवा टाकायला लागंल," तो यमुनाला म्हणाला.

यमुनानं इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि त्याच्या हातातला फोन काढून घेतला. भर उन्हात तिची बोटं गारेगार लागली.



"आवो, पयल्या रिलेलाच एसी लागला. चिमणी कवाची दाना टिपतेय. तुमालाच ऐकू येत नाय... वरीस झालं."