गाडीतला मुक्काम

“आज पण गाडीतच झोपणार?” कुमुदने विचारलं आणि डबा बाकड्यावर आपटला.

काशिराम दचकलाच. बायको अशी ढाब्यावर येऊन उभी राहील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारीच त्याने फोन करून कळवलं होतं, कंटेनर पळस्प्याला लावतोय, रात्री घरी येत नाय. आणि घर कुठे, तर नेऱ्याला! मिनीडोरमध्ये बसायचं, गप्पा सुरू होईपर्यंत उतरायचं, एवढंच अंतर.

शेजारची शांती परवाच म्हणाली होती, “कुमुद, भोळी ऱ्हाऊ नको. घर एवढं जवळ असून जो बाप्या गाडीत झोपतो, तो गाडीत झोपत नाय.”

“माल हाय आत,” काशिराम म्हणाला. “डिझेलचोर सुटलेत, कंटेनर फोडणारे हायत. गाडी सोडून कसा येऊ?”

“बरं,” कुमुद म्हणाली आणि सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेली.

रात्रीच्या मुक्कामाला ड्रायव्हर लोक गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करतात. दोन कंटेनरची दारं एकमेकांना भिडली की चोराच्या बापालाही ती उघडता येत नाहीत. ढाब्यासमोर तशा जोड्या लागलेल्याच होत्या. काशिरामची गाडी मात्र टोकाला एकटी, दारं उघड्यावर. दाराला सील नव्हतं. भरलेल्या कंटेनरला सील असतं, एवढं ड्रायव्हरच्या बायकोला कळतं. हा कंटेनर रिकामा होता.



ढाब्याची मालकीण कृष्णाबाई भाकऱ्या थापत होती. कुमुद तिच्याजवळ जाऊन बसली.

“सगळेच झोपतात का ओ इथं?”

“छे गं बाई! लांब चिरनेरचे ड्रायव्हरसुद्धा गाड्या माझ्या राखणदारावर सोडून खुशाल घरी जातात. तुमचे मालकच हटून बसतात. सांगून सांगून थकले मी.”

“कोण येतं का त्यांना भेटायला?”

कृष्णाबाईचा हात थांबला. “मला तर काय दिसलं नाय वयनी. पण मी तरी कुठंकुठं बघू?”

कुमुद परत नवऱ्यापाशी आली. “मग नक्की नाय ना येणार?”

“नाय म्हटलं ना.”

“मध्येच उठून पण नाय?”

“अगं, किती खोदून विचारतेस! पोलीस हायस का?” काशिराम खेकसला. तिच्या नजरेला नजर मात्र देत नव्हता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत गेला आणि दुधाच्या पिशव्या घेऊन आला. “ह्या ने.”

“एवढं दूध? दोघांच्या घरात?”

“असू दे. वाया नाय जायचं.”

असला दिलदारपणा त्याने लग्नातसुद्धा दाखवला नव्हता. काहीतरी लपवतोय, म्हणून हात सैल सुटलाय, कुमुदला वाटलं. रिकाम्या गाडीची कसली राखण करता, एवढं एकच विचारलं असतं, तरी बिंग फुटलं असतं. प्रश्न अगदी जिभेवर आला होता. पण तिने विचारला नाही. पिशव्या उचलल्या, डोळे पुसले आणि मिनीडोर पकडली.

घरी आल्यावर तिने पुढचं दार लावून घेतलं. अंगणातला दिवा मालवला. मोबाइल काढून एक मिस कॉल दिला आणि मागच्या दारापाशी कानोसा घेत उभी राहिली.

थोड्या वेळाने घरामागे मोटरसायकल थांबली. दारावर हलकेच टकटक झाली. कुमुदने कडी काढली.

“नक्की नाय ना येणार?” बाहेरून दबका आवाज आला.

“नाय. स्वतः बघून आले. ये लवकर आत.”

खांद्यावर पोर घेऊन कोमल आत शिरली, कुमुदची एकुलती एक लेक. तिचा नवरा तौसीफ बाहेरूनच मोटरसायकल वळवून पनवेलकडे गेला. त्या दोघांनी लग्न केलं तेव्हा काशिराम सगळ्या आळीदेखत ओरडला होता, “ही पोरगी या घरात दिसली तर माझ्याइतका वाईट कोण नाय!” आणि दिलेला शब्द मागे घेणाऱ्यातला तो नव्हता. तेव्हापासून तो बाहेर मुक्कामाला असला, की लेकीचं माहेर उघडायचं.

कुमुदने नातीला घेतलं, गालाला गाल लावला. “माझी यूम्ना! केवढी वाढलीस गं!” आणि एकदम तिला रडूच कोसळलं.

“आई, काय झालं?”

“तुझा बापूस रिकाम्या गाडीची राखण करतोय. माल हाय म्हणून खोटं सांगतो. बाहेर कोणतरी हाय त्याचं, दुसरं काय!”

“मग तू भांडली नाहीस?”

“भांडले तर येईल ना घरी!” कुमुद म्हणाली. “मग तू कुठं येशील?”

कुमुदने नाक ओढलं आणि दूध तापत ठेवलं.

इकडे ढाब्यावर काशिराम बायकोने आणलेला डबा उघडून बसला होता. कृष्णाबाईला राहवलं नाही.

“भाऊ, वयनी रडत गेली. शोभतं का तुमाला? बाहेर काय लफडं असंल तर टाका मोडून, आणि घरी जा.”

काशिरामने हातातला घास खाली ठेवला.

“एकदा न सांगता गेलो होतो,” तो म्हणाला. “लेक आलेली माझी. माझी चाहूल लागली, तशी तान्ह्या पोरीला उराशी धरून मागल्या दारानं काट्याकुट्यातनं पळाली. तवापासून दुपारीच फोन करून सांगतो, मी येत नाय म्हणून.”