किशनरावांची खबरदारी

"या वेळी दोष कुणाचा ते लेखी आण," कॉम्प्युटर कंपनीच्या औरंगाबादच्या साहेबांनी भुजंगला बजावलं. "तुझा असेल, तर राजीनामाही सोबत आण."

साहेबांचं काय चुकलं? पाथरीच्या जिनिंगमध्ये भुजंगने कॉम्प्युटर बसवला, दुसऱ्या दिवशी आतलं कार्ड जळालं. जाऊन नवं घातलं, दुसऱ्या दिवशी तेही जळालं. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर वीज साठते, आणि नुसतं बोट लागलं तरी कार्ड मरतं. हे भुजंग गावोगाव घसा कोरडा करून सांगायचा. ऐकणारे हसायचे.

हसले नाहीत ते एकटे किशनराव, जिनिंगचे हेडक्लार्क. पहिल्या दिवशी त्यांनी भुजंगचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला होता. मग त्याने वहीत पूर्ण नाव लिहून सही केली, खबरदारीचे नियम समजावले, आणि किशनराव जे बदलले ते बदललेच.

आज, मार्चच्या भर दुपारी, तीच तऱ्हा. चपला उंबऱ्याबाहेर. कुठलीही वस्तू हातातून हातात नाही. टेबलावर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. यंत्राजवळ चहा नको, म्हणून भुजंगचा कप व्हरांड्यात. आणि थोड्या थोड्या वेळाने किशनराव उठून बाहेरच्या नळाला हात लावून येत, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून.

"लय नाजूक वस्तू हाय, सायेब," ते लांबूनच म्हणाले. "आमी तिच्यावर कुणाची सावली पडू देत न्हाई."

भुजंगला भरून आलं. पाच जिल्हे पालथे घालून असा एकच माणूस त्याला भेटला होता.

मनगटाला पट्टा बांधून, त्याची तार यंत्राच्या उघड्या पत्र्याला अडकवून त्याने नवं कार्ड बसवलं. यंत्र सुरू झालं. मग त्याने पट्टा सोडून खुर्चीच्या हातावर टाकला आणि कागद पुढे ओढला. दोष कुणाचा?

'ग्राहकाचा' एवढा एक शब्द लिहिला की नोकरी वाचत होती. घरी आई, बायनाबाई, अजून रोजाने कापूस वेचत होती. या पगारावर तिला घरी बसवायचं त्याने ठरवलं होतं. त्याने पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. पण देवमाणसावर आळ घ्यायचा कसा? शेवटी त्याने लिहिलं: 'ग्राहकाची खबरदारी निर्दोष. चूक माझ्याच हातून झाली असावी.'

"तुमची प्रत, किशनराव."

"ठिवा तिथं. घेतो मी."

फाटकातून त्याने वळून पाहिलं. शिपाई पंडित पाण्याची बादली घेऊन आत शिरत होता. खोलीची भुई ओली ठेवा, म्हणजे हवा कोरडी पडत नाही, हाही भुजंगचाच नियम. नोकरी जाणार होती, तरी त्याला बरं वाटलं.

स्टँडवर, नामांतराची घोषणा चुन्याने पुसलेल्या भिंतीच्या सावलीत उभं राहून त्याने पिशवी चाचपली. पट्टा नव्हता. गाडीला अजून अर्धा तास होता. तो माघारी फिरला.

कचेरीच्या दारात येऊन तो जागीच थांबला. भुई ओली होती. यंत्राचं झाकण काढून टेबलावर आडवं ठेवलं होतं आणि त्यावर चहाचे दोन कप होते. पायांत चपला घालून, दाराकडे पाठ करून किशनराव उभे होते. नवं कार्ड त्यांनी बाहेर काढलं होतं आणि नायलॉनच्या रुमालाने ते दोन्ही बाजूंनी घासून घासून पुसत होते.

पंडितने खुर्चीवरचा पट्टा घ्यायला हात पुढे केला.

"हात लावू नको. काडीनं उचल," किशनराव म्हणाले. "मागच्या दोन्ही टायमाला मी असंच समदं पुसून घेतलं. कार्ड झालं बघ. आता ती खुर्ची धू, त्यो बसला व्हता तिच्यावर."